बंद गाडीतला गिअर

साहेब, तुम्ही गाडीचं दारसुद्धा उघडलं नाहीत. खिडकीतून वाकलात, गिअरचा दांडा पहिल्यात अडकलेला दिसला, आणि निकाल देऊन मोकळे झालात. बाईनं गाडी गिअरमध्ये ठेवली, घरातून रिमोट दाबला, नवरा समोर होता, चिरडला. चूक बाईची. उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही, खाली उतरायला लागते. तुम्ही उतरला नाहीत, म्हणून आता आम्हा शेजाऱ्यांकडून ऐका.

ते रिमोटचं किट तिच्या धाकट्या भावानं बसवलेलं. गाड्यांचं वायरिंग हाच त्याचा धंदा. पेन्सिल ठेवावी तसा टेस्टर कानावर, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणत, सख्खी बहीणसुद्धा. किटची हौस दाजींची. थंडीत इंजिन गार, काच धूसर. तर स्वयंपाकघरातून बटण दाबावं आणि चहा होईस्तोवर गाडी गरम.

"शालकबुवा, एवढं करून द्या, नाहीतर बहीण परत घ्या," ते म्हणाले होते.

"हिला परत? आमच्याकडे जागा नाही," टेस्टर म्हणाला होता, आणि ताईनं दोघांवर उलथनं उगारलं होतं.

हातानं गिअर टाकायची गाडी असली की अशा किटची एक अट असते. गाडी लावताना किल्लीनं बंद करायची नाही. न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू असतानाच किल्ली काढायची, उतरून दार लावायचं. मग किट आपणहून इंजिन बंद करतं आणि दिवे मिचकावून सांगतं, मी तयार. गिअर पडलेला असेल तर क्लचवरचा पाय उचलताच गाडी गचका खाऊन तिथेच मरते. आणि नंतर कुणी दार उघडलं तर तयारी रद्द. मग बटण कितीही दाबा, गाडी ढिम्म. म्हणजे त्या सकाळी ती रिमोटनं सुरू झाली, याचा अर्थ एकच. ताईनं ती न्यूट्रलमध्येच लावली होती, आणि त्यानंतर दार उघडलं गेलं नव्हतं.

हे त्यानं तुम्हाला सांगितलं होतं. "वायरमननं वायरी बघाव्यात," असं तुम्ही म्हणालात.

त्यानं बघितल्या. दुपारी, ताई आत भांडी आवरत असताना. गाडी तुम्ही ठाण्यातून परत पाठवल्यापासून तिथेच होती, नाक भिंतीकडे. भिंत धुतलेली होती. तो सीटखाली डोकं घालून उताणा पडला आणि पॅनल उतरवलं. खरं सांगायचं तर त्याला दोष हवा होता. दाजींना एक खोड होती, उभी गाडी दिसली की पहिल्यात टाकायची. "हँडब्रेकचा काय भरवसा," म्हणायचे. दाराची वायर कुठे सुटली असेल तर त्यांनी दार उघडलेलं किटला कळलंच नसणार. म्हणजे चूक टेस्टरची. ताई सुटली असती. बहिणीच्या माथ्यावरचं खापर आपल्या माथ्यावर फुटावं म्हणून तो माणूस आपल्याच कामात खोट शोधत होता.

खोट सापडली नाही. एकेक दार उघडलं, हातातल्या टेस्टरचा दिवा पेटला. लावलं, विझला. डिकीचंही तसंच. प्रत्येक जोड डाग दिलेला, टेप घट्ट. इतकं नेटकं काम आपण केलं याची त्याला शिसारी आली.

मग त्यानं अटीप्रमाणे गाडी लावली. न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली बाहेर, दार बंद. इंजिन थांबलं, दिवे मिचकले. तो बाजूला उभा राहिला.

"ताई, दाब."

ताईनं खिडकीतून बटण दाबलं. गाडी सुरू झाली, शहाण्या जनावरासारखी जागच्या जागी घुरघुरत राहिली. त्यानं बंद करायला लावली. पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा तेच. शेवटी गाडी बंद करायला लावली.

"झालं?" ताई म्हणाली. त्या दिवसापासून तिचा आवाज असाच होता, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा.

"बॉनेटची वायर राहिली. आता हात लावू नकोस हं बटणाला."

तो भिंत आणि गाडी यांच्यामध्ये शिरला. बॉनेटच्या फटीत बोटं घातली आणि सहज काचेतून आत बघितलं.

दांडा हलत होता.

सावकाश. आधी डावीकडे. कुणी मूठ धरून चाचपावं तसा. मग पुढे. आत कुठेतरी दात बसल्याचा बारीक आवाज आला. पहिला गिअर पडला.

सीट रिकामी होती. दारं बंद होती.

तो बाजूला सरला. दांडा मधे आला.

तो पुन्हा समोर गेला. त्याला जायचं नव्हतं, पण वायरमनला एकदा दिसलेलं पुरत नाही.

डावीकडे. पुढे.

तो भिंतीला पाठ घासत बाहेर पडला.

"तुलाही दाखवलं?"

ताई अंगणात आली होती. हात पदराला पुसत होती. रिमोट दुसऱ्या हातात.

"ताई, लांब हो. तुला... तुला माहीत होतं?"

"गाडी आली त्या दिवसापासून. दूधवाला पुढून गेला तेव्हा बघितलं."

"आणि बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? तुझ्या साहेबाला?"

ती चालत गेली आणि त्या फटीत उभी राहिली, दाजी उभे होते तिथे. टेस्टरनं तिचा दंड धरला. तिनं त्याचा हात शांतपणे काढला, लहानपणी त्याच्या हातातली कात्री काढायची तसा.

"मला काही करत नाही रे. मी रोज उभी राहते."

तिनं बटण दाबलं.

दांडा मधेच राहिला. गाडी घुरघुरली. पंख्याच्या वाऱ्यानं तिचा पदर थोडा हलला. ती काचेकडे बघत थांबली, बराच वेळ, कुणी काही सांगायचं राहिलंय अशी. मग तिनं गाडी बंद केली.

"बघ," ती म्हणाली. "मला नाहीच."

साहेब, टेस्टरनं वायरी कापल्या, किट उपटलं, बॅटरीही काढून नेली. ती अजून रोज तिथे जाऊन उभी राहते. तिचा आता तुमच्याच निकालावर विश्वास बसलाय. म्हणते, चूक माझीच, म्हणून तर मला शिक्षासुद्धा मिळत नाही.

तेव्हा तुम्ही या. त्या भिंतीला पाठ लावून तिच्या शेजारी उभे राहा, आणि तुमचा निकाल तिला तोंडावर वाचून दाखवा. आम्ही बाजूला उभे राहून दांड्याकडे बघतो.

कधी येताय?