कानशिलावरची बोटं

माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ओहायोत आल्या, त्यात त्यांचा फायदा काय होता ते आधी बघू. नातीचा सहवास, हा जाहीर फायदा. पण ठाण्याला त्यांच्या सोसायटीत कुणाचं मूल रडायचं थांबलं नाही, कुणाचं लोणचं बुरसटलं, कुणाचं लग्न अडलं, की लोक पद्मिनीकाकूंची बेल वाजवत. आमच्या ओहायोतल्या डब्लिन गावात ती बेल नव्हती. भांडी मशीन घासत होतं, भाजी फोनवरून येत होती आणि सात वर्षांची चैत्राली आजीच्या प्रत्येक प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर देऊन पुन्हा पुस्तकात डोकं घालत होती. फेब्रुवारीपर्यंत आई घडी घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घड्या घालायला लागल्या होत्या. आपली कुणाला तरी गरज पडावी, एवढीच त्यांची अपेक्षा. ती गरज सिद्धेशच्या डोक्याने भागवली.

सिद्धेश नागपूरचा, माझ्याच ऑफिसातला. आमच्याच रांगेतल्या टाउनहाउसमध्ये तो आणि त्याची बायको राधिका राहतात. मागे बिल्डरने पावसाच्या पाण्यासाठी खणलेलं तळं आहे, त्याच्या काठाने, या गावात जागोजागी दिसते तशी, बुटकी दगडी भिंत जाते आणि तिच्यावर करडे गीज पक्षी बसून राहतात. जानेवारीतल्या मोठ्या बर्फानंतर सिद्धेशचं डावं कानशील दुखायला लागलं. त्याने आधी चहावर भागवलं, मग भारतातून आणलेल्या गोळ्यांवर, मग दुसऱ्यांनी भारतातून आणलेल्या गोळ्यांवर. इथल्या प्रत्येक मराठी घरात असा एक डबा असतो, ज्यातल्या निम्म्या गोळ्यांचा मालक आणि त्याचा आजार दोघेही केव्हाच परत गेलेले असतात. दुखणं हटेना. नव्या पेशंटला फॅमिली डॉक्टरची पहिली अपॉइंटमेंट मे महिन्यातली मिळत होती. शेवटी एका दुपारी मीच त्याला गाडीत घालून अर्जंट केअरला नेलं. गाद्यांचं दुकान आणि नखं रंगवायचं दुकान यांच्या मधला, अपॉइंटमेंट न लागणारा दवाखाना.

वाटेत त्याने मला दोनदा गाडी थांबवायला लावली आणि दोन्ही वेळा तो रस्त्याकडेला ओकला. आत नर्सने विचारलं, एक ते दहामध्ये दुखणं किती. सिद्धेश कसनुसं हसून म्हणाला, "फोर."

मी परत येताना त्याला छेडलं, की नुसत्या चारवर माणूस एवढा ओकतो का. तो डोळे मिटूनच म्हणाला, "दहा म्हणजे तर माणूस मरतो ना भाऊ. आपण काय मरून राहिलो का?"

ही आपल्या लोकांची खासियत. घरी शिंक आली तरी पांघरूण घेऊन सगळ्यांना कामाला लावतील, पण परक्या माणसासमोर दुखणं सांगताना स्वतःशीच घासाघीस करून अर्ध्यावर आणतील. डॉक्टरने चारावर विश्वास ठेवला, चाराच्या गोळ्या दिल्या आणि वाढलं तर इमर्जन्सीत जा असं सांगितलं. वाढलं, पण चार सांगून आलेला माणूस इमर्जन्सीत कोणत्या तोंडाने जाणार?

त्या रविवारी ते दोघे आमच्याकडे जेवायला होते. सिद्धेश घरात काळा गॉगल लावून भिंतीकडे तोंड करून बसला होता. दुखतं म्हणजे नेमकं कसं, असं नेत्राने विचारलं. नेत्रा माझी बायको. तिला सगळं नेमकं लागतं. सिद्धेशने जरा विचार केला.

"आतून कोणीतरी अंगठ्यानं दाबते," तो म्हणाला. "दाबते, अन् मग थांबून पाहते."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे त्याच्या कपाळावरून गालांपर्यंत उतरवले आणि मिटलेली बोटं आपल्या कानशिलांवर टेकवून कडाकड मोडली. लहान मुलांची आणि नवऱ्यामुलांची काढतात तशी दृष्ट. जितकी जास्त बोटं वाजतील तितकी जास्त लागलेली, असं मानतात. सगळी वाजली. एवढ्या जोरात, की राधिकाला हसू फुटलं.

सिद्धेशने गॉगल काढला. खिडकीतून बर्फावरचं ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. "काकू," तो म्हणाला, "गेलं हो." आणि तीन वेळा वरण-भात घेतला.

गोळ्यांचा परिणाम उशिरा होतो, हे माझं मत मी सगळ्यांना ऐकवलं. आईंनी वाद घातला नाही. त्या दिवशी टॉवेल कपाटातच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधिकाचं डावं कानशील दुखायला लागलं.

राधिका इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. नवऱ्याच्या आजारपणात तिचं लिखाण अडून पडलं होतं, गाईड चिडली होती. तो बरा झाला तर सगळ्यात जास्त फायदा तिचाच होता. आणि आता ती बाथरूममधला दिवा बंद करून टबात बसून राहायची. मी तिलाही त्याच अर्जंट केअरमध्ये घेऊन गेलो, कारण सिद्धेश ऑफिसातली साठलेली कामं उपसत होता. हा रस्ता मक्याच्या सिमेंटच्या कणसांच्या मैदानावरून जातो, कुणा शिल्पकाराने उभी केलेली. पुरुषभर उंचीची पांढरी कणसं, गवतात ओळीने उभी. लोक मुद्दाम फोटो काढायला येतात. राधिका डोळे मिटून होती. तरी मैदान सुरू झालं तशी तिची मान तिकडे वळली आणि मैदान संपेपर्यंत वळलेलीच राहिली.

नर्सला तिने सहा सांगितलं. डॉक्टरने दुखण्याचं वर्णन विचारलं तेव्हा इंग्लिशमध्ये काहीतरी सांगितलं आणि मला मराठीत म्हणाली, "केदारदादा, आतून अंगठ्याने दाबतंय कुणीतरी. आणि थांबून बघतंय."

एका घरात राहणारी माणसं एकमेकांचे शब्द वापरतात, हे मी स्वतःला समजावलं.

राधिका झोपून राहिली याचा फटका नेत्राला बसला. शाळेतून चैत्रालीला आणायचं काम राधिका करायची. नेत्राचं नव्या नोकरीच्या इंटरव्ह्यूंचं चक्र नेमकं तेव्हाच चालू झालं होतं आणि तिला दोन इंटरव्ह्यू पुढे ढकलावे लागले. आठवडाभराने तीच आईंना घेऊन राधिकाकडे गेली. मीही गेलो, उगाच, बघायला. आईंनी तळवे उतरवले, बोटं मोडली. या वेळी निम्मीच वाजली. आईंनी हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिले.

राधिका उठून बसली आणि तिने चहा टाकला.

त्या आठवड्यात नेत्राचा इंटरव्ह्यू झाला आणि उत्तम झाला. घरी येऊन तिने बूट काढले, कपड्यांच्या कपाटात जाऊन आतून दार ओढून घेतलं आणि तिथेच खाली बसली.

मी अर्जंट केअरच्या भानगडीत पडलो नाही. सरळ इमर्जन्सीकडे गाडी घेतली. आई न विचारता मागे बसल्या. कणसांचं मैदान आलं, नेत्राची मान वळली, मैदान संपलं, मान सरळ झाली.  आरशात पाहिलं तेव्हा आईही तिच्या मानेकडेच बघत होत्या.

नर्सने आकडा विचारला. नेत्रा म्हणाली, "नाइन."

चैत्रालीच्या जन्माच्या वेळी, शेवटच्या तासात, या बाईने सात सांगितलं होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं आणि झटपट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. रक्त घेतलं, डोक्याचा स्कॅन काढला, हातात सुई घालून सलाईनमधून औषध सोडलं. तरुण डॉक्टर होता, तो येऊन सांगून गेला की स्कॅन स्वच्छ आहे. आनंदाची बातमी असल्यासारखं सांगितलं. औषधाने काही होईना तेव्हा दुसरं औषध सोडलं. मग तो पुन्हा आला. आता पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासू, ठेवून घेऊ, असं म्हणाला. त्याने आनंद आवरता घेतला होता. दुखण्याचं वर्णन त्यानेही विचारलं. नेत्राचे ओठ हलायच्या आधीच ती काय सांगणार हे मला माहीत होतं, आणि तिने तेच सांगितलं. फक्त एक भर घातली.

"आता तो फार वेळ थांबत नाही," ती म्हणाली.

पडद्याआडच्या त्या खोलीत दिवा मंद केला होता. फिनेलसारखा वास होता आणि कुठलंतरी यंत्र ठरावीक वेळाने टिकटिकत होतं. मी खुर्चीत बसलो आणि माणसं मांडून पाहिली. ही माझी जुनी सवय आहे. सिद्धेश बरा झाला, फायदा राधिकाचा. दुखणं तिच्याकडे. राधिका बरी झाली, फायदा नेत्राचा. दुखणं तिच्याकडे. हे डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. मी स्वतःलाही ते एकदाच सांगितलं.

आई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. हात पदरात गुंडाळलेले.

"केदारराव," त्या म्हणाल्या, "करू का? तुम्ही म्हणाल तरच करते."

म्हणजे त्यांनीही मांडून पाहिलं होतं.

मी नेत्राकडे पाहिलं. तिचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता. ती बरी झाली तर सर्वांत जास्त फायदा कुणाचा, हा प्रश्न मला अवघड वाटला नाही. माझ्या मोज्यांपासून माझ्या व्हिसापर्यंत सगळं तिच्या डोक्यात असतं. अकरा वर्षांत तिच्याशिवाय मी एकही निर्णय धड घेतलेला नाही. फायदा माझाच होता, निर्विवाद. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला.

गाडीची किल्ली मी खिशातून काढून नेत्राच्या पर्समध्ये टाकली. नंतर मला चालवता येणार नव्हती. घोटभर पाणी प्यायलो. खुर्चीत नीट टेकून बसलो.

"करा," मी म्हणालो.

आईंनी तळवे तिच्या कपाळावरून उतरवले. बोटं स्वतःच्या कानशिलांवर टेकवली आणि मोडली.

आवाज आला नाही. एकाही बोटाचा नाही. हातात हाडंच नसावीत तशी बोटं नुसती मुडपली गेली.

यंत्र टिकटिकत राहिलं.

मग नेत्राने डोळे उघडले. तिने छताकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"केदार," ती म्हणाली, "गेलं रे."

मी मान हलवली आणि वाट बघत बसलो.

डावं कानशील शांत होतं. मी दिव्याकडे रोखून पाहिलं. दिवा दिव्यासारखाच दिसत होता. वेळ लागत असेल, असं म्हणून मी पुन्हा टेकून बसलो. नेत्राने खायला काही आहे का विचारलं. मी आईंकडे वळलो.

"तुमचं डोकं?"

आईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चैत्रालीच्या शाळेतून. शाळेची नर्स बोलत होती, आवाज गोड आणि सराईत. चैत्राली वर्गात चित्र काढता काढता बाकावर डोकं टेकून बसली, आता नर्सच्या खोलीत झोपली आहे, पडदे बंद करायला तिनेच सांगितलं. तसा ताप नाही. ती बाबांशी बोलायचं म्हणते.

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"बाबा," चैत्रालीने विचारलं, "इज ममा ऑल बेटर नाउ?"

मी हो म्हणालो.

"ओके," ती म्हणाली. मग नुसता श्वास ऐकू येत राहिला, मोजून मापून घेतलेला.

तर शेवटी हिशोब लागला तो असा. सिद्धेशचं राधिकाने भरलं, राधिकाचं नेत्राने, नेत्राचं चैत्रालीने. मी नेत्राच्या पर्समधून किल्ली परत घेतली आणि गाडी मीच चालवली. मागे आई हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. भर दुपारचं ऊन रस्त्याकडेच्या बर्फावरून थेट डोळ्यांत येत होतं. शाळेपर्यंतच्या प्रत्येक चौकात मी कानशिलाकडे लक्ष लावून होतो. तिथे काहीही दुखत नव्हतं.