वैशाखात फुगलेलं दार

जेवणं चालू असतानाच लाइट गेली आणि परत यायचं नाव घेईना, तेव्हा हरिहरकाकांनी सतरंजी उचलून गच्चीवर नेली. मागोमाग पोरंही आली. पियुषनं मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरून तोंड वेडंवाकडं केलं. श्रावणी एवढी दचकली की तिच्या हातातला पंखा खाली पडला.

"बंद कर बे ते," काका म्हणाले. "त्यानं भूत येत नाई. बॅटरी तेवढी जाते."

"मग कायनं येते?" आचलनं विचारलं.

"जागेनं. विहिरीतलं भूत खाली ओढते, वाटेवरचं भूत सोबत चालते. जशी जागा, तसं ते. तिथं रायणारी माणसंही तशीच होतात म्हणा." काका सतरंजीवर मांडी घालून बसले. "अकोल्याकडं कायी माती हाये. त्या मातीवरच्या घरात काय झालं, ते मले जीवननं सांगतलं. आमच्या कारखान्यात होता, नांदगाव पेठेले. खोटं बोलाचा माणूस नाई तो."

काकांनी अंधारात पाहिलं.

"म्हणजे... एकच मोठं खोटं बोलला."

जीवनचं ते घर काही जुनंपुराणं नव्हतं. अकोल्याबाहेर लेआउट पडला, पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकले गेले, त्यातल्या एकावर त्यानं स्लॅबचं घर बांधलं. समोर लोखंडी गेट, गच्चीवर टाकी, दाराशी तुळस. फक्त ठेकेदारानं पाया खोल घेतला नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचं घर तिच्यासोबत हलत राहतं. उन्हाळ्यात भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. स्वयंपाकघरात कुजबुजलेलं पुढच्या खोलीत ऐकू यायचं. जीवन आणि त्याची बायको पौर्णिमा उन्हाळाभर मोकळेपणानं भांडायचे, तितक्याच मोकळेपणानं हसायचे, कारण त्या घरात लपवायची सोयच नव्हती. पावसाळा लागला की भेगा मिटायच्या, दारं चौकटीत गच्च बसायची. माणसंही मग घुम्यासारखी आपापल्या खोलीत बसायची.

मागच्या खोलीचं दार तर सगळ्यात वाईट. श्रावणात ते लावायचंच नाही, असा घरचा नेम होता. उंबऱ्यावर वरवंटा आडवा ठेवायचा, म्हणजे वाऱ्यानंही लागू नये. चुकून लागलंच, तर बाहेरून खांदा मारल्याशिवाय उघडत नसे. आतून तर नाहीच.

बावीस सालच्या श्रावणात पौर्णिमा बाळंतपणाला बाळापूरला माहेरी गेली होती. जीवनच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून त्याची मावशी, माणिकबाई, लेकीचं घर सोडून येऊन राहिली. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवलं होतं. मावशीला दमा होता. रात्री खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. तिसऱ्या रात्री जीवन उठला. पहाटेची शिफ्ट होती. त्यानं वरवंटा पायानं बाजूला सारला आणि दार ओढून घेतलं.

एवढंच. खोकला कमी ऐकू यावा म्हणून.

मग कधीतरी झोपेत थाप ऐकू आली. हलकी. पुन्हा एक.

"जीवन... दार फुगलं रे. मले बाहेर येऊ दे."

उठायला हवं, हे त्याला कळत होतं. चार पावलं आणि एक खांदा. पण अंग जड होतं. तो पडल्या पडल्याच बोलला.

"सकाई पाहू, मावशी... झोप."

सकाळी त्यानं आणि शेजारच्या सुगतनं मिळून दार ढकललं, तेव्हा ते अर्धंच उघडलं. मावशी दाराला पाठ लावून बसली होती.

जीवननं सगळ्यांना सांगितलं, मच्छर येत होते म्हणून मावशीनंच दार लावून घेतलं. कोणी शंका घेतली नाही. मावशीची लेक सरोजिनी मात्र चौदावं झाल्यावर त्याच्याशेजारी येऊन बसली.

"जीवन, तिनं आवाज नाई देला का रे तुले?"

"नाई, ताई."

"एकदाबी नाई?"

"नाई."

पुढं सणावाराला ती यायची, राखीला हातावर राखी बांधली, आणि जाताना दर वेळी तेच विचारायची. आरोप नसायचा. आईचं शेवटचं काही हाती लागेल का, एवढीच तिची आशा. आणि दर वेळी तो नाही म्हणायचा. त्यानं अकोल्यातली नोकरी सोडली, घराला कुलूप घातलं, बायको-लेकरू घेऊन अमरावतीला आला. "आमच्या कारखान्याच्या बसमध्ये खिडकीशी बसे," काका म्हणाले. "पयले मोठा बोलका होता म्हणतात. मी पायला तवा तो श्रावणातलं दार झाला होता."

चोवीस साली घराला गिऱ्हाईक मिळालं. रविवारी सकाळी पाहायला येणार होतं. त्याआधी भेगा बुजवून रंगाचा हात मारायचा, म्हणून जीवन शनिवारी अकोल्याला गेला. मे महिन्याची अठरा तारीख, वैशाख शुद्ध दशमी. उन्हानं गेटची कडी हाताला चटका देत होती.

पिंटू मिस्त्री भिंतींवरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, भर उन्हायात भेगा काहून बुजवता? घराले फुगाले जागा पायजे ना."

"दोन दिवस टिकलं तरी बस."

"मंग मले काय! भिंत बोलली त माह्याकडे नका येऊ." पिंटू हसला आणि कामाला लागला. संध्याकाळपर्यंत एकूणएक भेग त्यानं सिमेंटनं मिटवली. पुढच्या दोन्ही खोल्यांत रेती, पोती, ओला गिलावा. अंग टाकायला कोरडी जागा एकच उरली.

मागची खोली.

जीवन दारातच थांबला. त्या दिवसांत ते दार इतकं आकसलेलं होतं की कडीही बसत नव्हती. चौकटीत चारी बाजूंनी फट. वाऱ्याची झुळूक आली की ते आपोआप हलायचं. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, असं म्हणत त्यानं गादी टाकली. पौर्णिमाला फोन केला. तिनं विचारलं, "कोणत्या खोलीत झोपून राह्यले?"

"पुढच्या," तो म्हणाला.

(श्रावणीनं इथं पियुषचा दंड धरला.)

दीडच्या सुमाराला त्याला जाग आली. आधी कळेना कशानं. मग वास आला. ओल्या मातीचा. पहिल्या सरीचा नव्हे, तर भरलेल्या श्रावणात कोनाकोपऱ्यात बसतो तसा कुबट. खिडकीबाहेर चांदणं कोरडं ठणठणीत. वरून पंख्याची हवा गरमच येत होती.

दाराच्या फटीतून पुढच्या खोलीतला उजेड येत होता झोपताना... तो आता दिसत नव्हता.

त्यानं उठून हात लावला. फट नव्हती. लाकूड चौकटीत गच्च. हाताला ओल लागली.

त्यानं कडी धरून ओढलं. हललं नाही. पाय भिंतीला लावून ओढलं. नाही. नुकत्याच बुजवलेल्या भिंतीतून बारीक आवाज येत होता. दात खावेत तसा.

"कोण हाये बाहेर?"

काही नाही.

त्यानं दारावर थाप मारली. एक. मग दुसरी. आपण तिच्याएवढ्याच हलक्या हातानं मारली, हे त्याचं त्यालाच जाणवलं.

पलीकडून खाट करकरली. पुढच्या खोलीत खाट नव्हती. कोणीतरी कूस बदलली. मग खोकला... लांब, दमवणारा. तो थांबला. आणि झोपेनं जड झालेला आवाज आला.

"सकाई पाहू... झोप."

जीवन खाली बसला. पाठ दाराला टेकली, तेव्हा तो कुठे बसलाय हे त्याच्या ध्यानात आलं.

फोन गादीवर होता. पौर्णिमाला लावावा. सुगतला लावावा. पण सुगत येणार, खांदा मारणार, दार उघडणार... आणि तो सुगतला काय सांगणार? मच्छर?

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. श्वास छातीत वरच्यावर अडत होता. मावशीला असाच अडला असेल. हे त्यानं आजवर कधी मनात येऊ दिलं नव्हतं.

"मावशी..."

शांत.

"दार मीच लावलं व."

शांत.

"तू आवाज देला होता. मी ऐकला. जागा होतो मी... उठलो नाई."

पलीकडे कोणी बोललं नाही. खोकलाही नाही. फक्त कोणीतरी ऐकत असावं तशी ती शांतता होती. तिला हे आधीच माहीत होतं. माहीत नव्हतं ते दुसऱ्याच कोणाला.

त्यानं सरोजिनीला फोन लावला. अशा वेळेचा फोन म्हणजे कोणी गेलं, असं वाटून ती घाबऱ्या आवाजात "हॅलो, कोण? काय झालं?" करत उठली. त्यानं सांगितलं. वरवंट्यापासून सगळं. मावशीचे शब्द जसेच्या तसे. आणि स्वतःचेही.

पलीकडे तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"जीवन," ती म्हणाली. "दोन वर्सं मी तुले विचारून राह्यली होती रे."

"हो, ताई."

"आता मले फोन नको करू."

फोन बंद झाला. तो कानाशी तसाच धरून जीवन बसून राहिला. उजाडताना पाठीमागच्या दारानं त्याच्या पाठीला हलकेच धक्का दिला आणि तो बाजूला सरला. दार वाऱ्यानं हलत होतं. कोरडं, सैल. चारी बाजूंनी फट.

"मंग?" आचलनं हळूच विचारलं. "घर इकलं?"

"नाई. गिऱ्हाईक आलं, भिंती पाहून गेलं. सगळा गिलावा रातभरात सुटून खाली पडला होता."

"अन् सरोजिनीताई?"

"राखी नाई आली त्या साली. औंदाही नाई."

काकांनी पांघरूण पायांवर ओढलं. एवढ्या उकाड्यात.

"पण तो खोलीबाहेर निघाला ना, तवा उंबऱ्याच्या पलीकडं त्याचा पाय कशाले तरी लागला. स्टीलचा गिलास. पाण्यानं काठोकाठ भरलेला, वर वाटी झाकलेली. आजारी माणसाच्या उशाशी ठेवतात तसा." काकांनी गच्चीच्या दाराकडं पाहिलं. "टाकी दीड वर्स कोरडी होती. मिस्त्रीनं पाणी बाहेरून ड्रमात आणलं, ते गिलाव्यात संपलं. मिस्त्री गेल्यावर पुढच्या खोलीभर सिमेंटची धूळ बसली होती... तिच्यावर पाऊल त्याच्या एकट्याचं. तेही आत येतानाचं."



"पेला का त्यानं ते पाणी?" श्रावणीनं विचारलं.

"मीबी हेच विचारलं त्याले," काका म्हणाले.

गच्चीवर वारा पडला होता.

"तो म्हणे, काका... गार होतं."