वॉकीटॉकीवरचा ‘बावा’

“एचआरचं ऑफिस तिकडं आहे, मॅडम. हे कंट्रोल रूम होय.”

चंद्रपूरजवळच्या एका खासगी वीज प्रकल्पात पहिल्याच ड्यूटीला माझं हे स्वागत! बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं, मी आधीच तापलेली... हेल्मेट टेबलावर आपटलं. “मी लावण्या. एम.टेक. तुमची रिलीव्हर. उठा!”

तो उठला. कानाच्या पाळ्या लाल. “हो का बावा... चुकलंच आपलं.”

“बावा कुणाला म्हणता हो?”

“आमच्याकडं असंच म्हणतात. हो बावा, नाई बावा... काऊन, काय झालं?”

काय झालं म्हणे! मी सिरोंचाची, घरात तेलुगू. आमच्याकडे बावा म्हणजे आत्याचा नाहीतर मामाचा मुलगा, ज्याच्याशी लग्न जमतं तो. हे सांगितलं, तर तो, मूल गावचा प्रणित, असा काही हसला, की स्क्रीनकडे बघायचं सोडून मी त्याच्याकडेच बघत बसले.

मग काय! ड्यूटी संपली तरी स्वारी रेंगाळायची. चहा पुढे करून म्हणायचा, “साखर कमी हाय, बावा.”

“मार खाशील, प्रणित.”

“तुह्या हातचा? चालते!”

तो शब्द माझ्याही जिभेला कधी चिकटला, कळलंच नाही.

शिफ्ट इन्चार्जची जागा रिकामी होती. आधीच्या नोकरीतला धरून अनुभव माझा प्रणितपेक्षा जास्त, ती मलाच मिळणार होती. एका दुपारी बॉयलरचं पाणी झरझर उतरायला लागलं. मी वॉकीटॉकीवर ओरडले, “बावा, दुसरा पंप चालू कर! आत्ता!” त्यानं केला आणि बॉयलर वाचला. पण वॉकीटॉकीवर ऐकणारे कंत्राटदाराचे फिटर गोदावरीपलीकडचे, तेलुगू बोलणारे. संध्याकाळपर्यंत प्लांटभर झालं, मॅडमचं लग्न ठरलं!

एचआरच्या साहेबांनी बोलावलं. “अभिनंदन! आता तुम्ही काय, लग्न करून जाणार. त्यात तुम्ही तेलंगणाच्या...”

“सिरोंचा महाराष्ट्रात आहे, सर!”

“हो हो, तेच ते. इन्चार्ज प्रणितला करतोय. तुम्ही रिपोर्ट टाईप करायचं बघा.”

तेच ते? माझ्या अंगाची लाही लाही झाली. “लग्न मी एकटीच करून राह्यली का, सर? नवरदेव तोच ना? मग तो काऊन जात नाई कुठी?” रागात माझ्या तोंडून प्रणितचीच बोली निघाली. साहेब मोबाईल बघत बसले.

बाहेर कडुनिंबाखाली प्रणित उभा होता. “मी नाई घेत ते पद.”

“नको घेऊस! मग तिसऱ्याच पुरुषाला देतील. मला काय मिळालं त्यात?”

त्याचे डोळे भरले. “मग मी काय करू? तूच सांग.”

“मी गोदावरीपलीकडच्या, तेलंगणातल्या प्लांटला अर्ज करतेय, इन्चार्जसाठी. बाया नवऱ्यामागं जातात म्हणे... तू येशील माझ्यामागं?”

अगं बाई, हे काय बोलून गेले मी!

“येतो ना,” तो हळूच म्हणाला. “पन तू मले मागणी घालून राह्यली, का भांडून राह्यली?”

“दोन्ही!”

तिकडच्या मुलाखतीत बॉयलरबद्दल विचारलं ते शेवटी. आधी सगळं तेच... महाराष्ट्रातून आलात, टिकाल का? लग्न कधी? मूल झाल्यावर काय? दातओठ खात एकेक उत्तर दिलं आणि जागा खेचून घेतली.

पुढच्या आठवड्यात प्रणित मुलाखत देऊन आला. मी सिरोंचाच्या पुलावर त्याची वाट बघत होते.

“लग्नाचं विचारलं का रे तुला?”

“विचारलं ना. करणार का म्हणे. मी हो म्हटलं.”

“मग?”

तो खाली नदीकडे बघत राहिला. “साहेब खूश झाले. म्हणाले, छान... म्हणजे आता टिकाल.”

मस्तकात तिडीक गेली माझ्या. “हसू नको हं, प्रणित!”

“हसून नाई राह्यलो, लावण्या. लाज वाटून राह्यली.”

त्यानं हात पुढे केला. मी तो धरला, चांगला दुखेल इतका घट्ट. त्यानं सोडवून घेतला नाही.