हौशाच्या घशात अडकलेले दाणे

"चिंधू हौशाला दाणे घालायला येईल, तेव्हा आपण कडब्याच्या गंजीमागे लपायचं," ऊर्मिला म्हणाली.

"आणि संत्र्यांच्या बागेत कोण जाईल?" विनायकनं विचारलं.

"तुम्ही दोघं जा. मी बसते एकटी."

ती खरंच एकटी बसली असती, हे विनायकला आणि त्याच्या बहिणीला, वंदनाला, ठाऊक होतं. महिन्याच्या सुरुवातीला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरच्या कचेरीतले ऊर्मिलाचे बाबा भोपाळला गेले. आईही घर शोधायला त्यांच्याबरोबर गेली. ऊर्मिलाला दिवाळीच्या सुटीत सौंसरला मामाकडे ठेवलं होतं. ही दोघं मामेभावंडं चांगली होती, पण त्यांचे खेळ जुने, त्यांच्या गमती त्यांच्या त्यांच्याच. ऊर्मिला आपला वेळ गोठ्यात हौशाजवळ काढी.

हौशा हा रामाजी टांगेवाल्यांचा म्हातारा घोडा. रामाजींना दुसरं कोणीच नव्हतं. मामांच्या गोठ्यातच ते त्याला बांधत. आठवड्यात दोनदा हौशानं मान ताणली होती, खोकला होता आणि त्याच्या नाकातून फेस नि दाणे आले होते. गावात कुजबुज सुरू झाली, की रोग लागट आहे. मामा म्हणाले, "रामाजी, सोमवारपर्यंत घोडा हलवा. माझे बैल आहेत इथं."

ऊर्मिलाला ते पटेना. लागट रोग दाणे खाल्ल्यावरच कसा येतो?

शेवटी तिघंही गंजीमागे बसली. दुपारी रामाजी स्टेशनावर गेले, तेव्हा मामांचा गडी चिंधू आला. त्यानं कोरडे हरभरे गव्हाणीत ओतले आणि तो बाहेर बिडी ओढायला गेला. शेजारचे बैल तोंड घालतील म्हणून हौशा भराभर गिळू लागला. मध्येच त्याच्या तोंडातून कडब्याचा ओला गोळा पडला. वंदनानं तो उचलला. "हा चावलेलाच नाही!"

तेवढ्यात हौशानं मान ताणली. नाकातून हिरवट फेस आला.

चिंधू धावत आला. "बाप्पा, पुन्हा! थांबा, तेल पाजतो." तो बांबूची नळी शोधू लागला. ती ऊर्मिलाच्या सांगण्यावरून विनायकनं आधीच सदऱ्यात लपवली होती, आणि आता तो सायकलवर गुरांच्या दवाखान्याकडे निघाला होता.

"आधीच अडकलंय, त्यावर आणखी काही नको," म्हणत ऊर्मिलानं गव्हाण रिकामी केली आणि पाण्याची बादली दूर सारली. हौशाची मान खाली राहील असा तिनं दोर धरला. त्याचं अंग थरथरत होतं. ती हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिली.

डॉक्टर आले. त्यांनी मानेवरून हात फिरवला, सुई दिली, नाकातून रबरी नळी घालून बेतानं पाणी सोडलं. बऱ्याच वेळानं अडकलेलं उतरलं.

"तेल पाजलं असतं तर फुफ्फुसात गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी हौशाचं तोंड उघडलं. "दाढा झिजल्यात, कडांना धार आलीय. त्या मी घासून देईन. रोग नाही हा. कडबा बंद. दाणे, कोंडा भिजवून, थोडं थोडं द्या. गव्हाणीत मोठे गोटे ठेवा, म्हणजे हावरटासारखा गिळणार नाही."

रामाजी तोवर परतले होते. "चिंधू, मी रोज विचारतो, हरभरे भिजवले का म्हणून. तू हो म्हणतोस."

चिंधूची मान खाली गेली. "विहीर लांब पडते न काका. वाटलं, एवढ्यानं काऊन काही होईल?"

गलबला ऐकून आलेल्या मामांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. "रामाजी, घोडा इथंच राहील. चुकलो मी. ऊर्मिले, तू काय केलंस ते कळवायला तुझ्या बाबांना आजच पत्र टाकतो."

संध्याकाळी सगळे घरात गेले. ऊर्मिला भिजवलेला कोंडा मुठीमुठीनं हौशापुढे ठेवत होती. रामाजी तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"पोरी, तीस वर्षं झाली टांगा हाकून राहिलो. जे मला नाही दिसलं, ते तुला कसं दिसलं?"

"मला दुसरं काही कामच नव्हतं, काका."

रामाजींनी पोतं अंथरलं आणि ते तिच्या शेजारी खाली बसले.

"हौशाला ठीक होऊ दे," ते म्हणाले. "मग टांग्यानं लोधीखेड्याला जाऊ. तू पुढं बसशील, माझ्याजवळ. आता सांग, तुझी आई कशी आहे?"

ऊर्मिला सांगू लागली.