नुसत्या ओठांचं बोलणं

दुपारी हॉल रिकामाच होता. जुन्या ऑपरेटरनं तिला मुद्दाम बोलावलं होतं. "वहिनी, साहेबांच्या सिनेमाचं रीळ झिजलंय, उद्या परत जाणार. एकदा शेवटचं बघून घ्या," तो समोर उभा राहून सावकाश म्हणाला. सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती माणसांचे ओठ वाचत आली होती.

नवरा मूकपटांतला बडा नट. पडद्यावर पाटी यायची, 'तुझ्यासाठी राज्य सोडीन!' बायका डोळे पुसायच्या, आणि हा पठ्ठ्या तोंडानं म्हणत असायचा, "दुधावर झाकण ठेवलंस का?" हे कळायचं फक्त तिला. भर हॉलमध्ये ती एकटी हसायची. लोकांना वाटे, बाईचं डोकं ठिकाणावर नाही.

मग बोलपट आले. त्याचा बारीक, चिरका आवाज ऐकून पहिल्याच खेळाला हशा पिकला, आणि पंधरा वर्षांची कारकीर्द एका दुपारी मातीमोल झाली. त्यानं बोलणंच टाकलं. घरी तिच्याशी तेवढे ओठ हलवायचा. तिला ते पुरत होतं.

गेल्या महिन्यात तो गेला, तोही भिंतीकडे तोंड करून. खांदा हलला, काहीतरी म्हणाला. ती पलंगाला वळसा घालून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काय म्हणाला असेल? तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

दिवे मालवले. तापलेल्या यंत्राचा ओळखीचा वास आला. उजेडाच्या पट्ट्यात धूळ संथ तरंगू लागली आणि पडद्यावर तो तरुण होऊन चालत आला. तिला गुंगीच आल्यासारखं झालं.

शेवटच्या प्रसंगात राजा मरताना सरळ समोर बघून म्हणायचा, "चपला आत घे." तिनं वीसदा तरी पाहिलं होतं. आज राजानं कूस बदलली. भिंतीकडे वळला. खांदा हलला... ती पुढे झुकली, पण पाठ कशी वाचणार? पडदा पांढरा झाला.

ऑपरेटर जिना उतरून आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"वहिनी... ते बोलले. या मशीनला आवाज जोडलेलाच नाही... तरी बोलले."

"काय म्हणाले?"

"'येतेस ना?' असं. दोनदा. तोच बारीक आवाज."

तिचे डोळे भरून आले. महिनाभराचं ओझं उतरलं. "मलाच बोलावत होते म्हणजे."

"हो," ऑपरेटर म्हणाला. "आणि तुम्ही लगेच म्हणालात ना... 'आलेच.'"

तिनं तर तोंड उघडलंच नव्हतं.