तीन सेकंद उशिरा

कानांच्या दवाखान्यातलं जुना कॉम्प्युटर बिघडला, की काकांनाच बोलावणं यायचं. त्यातला तपासणीचा प्रोग्राम तीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेला, आणि तो उमगणारा दुसरा कुणी आता राहिला नव्हता. नवीन यंत्रं केव्हाच कानामागून येऊन तिखट झाली होती, पण जुन्या रुग्णांच्या नोंदी या म्हाताऱ्या मशीनलाच वाचता येत. आठवड्याभरात नोंदी काढून घ्यायच्या आणि मशीन मोडीत काढायचं, असं ठरलं होतं.

दुपारी शेवटचा रुग्ण गेल्यावर काका हत्यारांची पेटी घेऊन पोहोचले. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या.

"काका, हे आपोआप बटणं मोजतंय हो. आत कुणी नसलं तरी."

"वायर सैल झाली असेल."

"मलाही तेच वाटलं. म्हणून वायर बदलली. तुम्हीच बसून बघा जरा," असं म्हणून बाई बाहेरच्या टेबलावरचे कागद आवरायला गेल्या.

काका स्टुलावर बसले. समोर काचेपलीकडे तपासणीची आवाजबंद खोली होती. आत एक खुर्ची, खुर्चीवर हेडफोन आणि लांब वायरीचं एक बटण. हेडफोनमध्ये सूर वाजतो, ऐकू आला की रुग्ण बटण दाबतो, आणि प्रोग्राम मोजतो. दोन सेकंदांच्या आत दाबलं तर 'ऐकू आले' या रकान्यात. त्याहून उशीर झाला तर कोपऱ्यातल्या 'अवेळी' या रकान्यात, आणि तो रकाना अहवालावर छापलाच जात नसे. उगाच बटण चेपत बसणारे उतावळे लोक गाळायला काकांनी हा नियम घातला होता. त्या वेळी त्याची त्यांना कोण ऐट होती!

मशीनच्या पाठीला एक खटका होता. तो वर असला की मशीन स्वतःच्या वेगाने चाले. खाली ओढला की आधीच्या पिढीचं मशीन असल्यासारखं हळू, जुन्या चालीने वागे. काकांचा प्रोग्राम त्या आधीच्या पिढीसाठी लिहिलेला, त्यामुळे खटका वर असताना तो सुरूच होत नसे. त्यांनी खटका खाली ओढला. हिरवी अक्षरं एकेक करत उमटली.

त्यांनी पहिला सूर सोडला. आतली खुर्ची रिकामी. जरा वेळाने स्पीकरमध्ये 'टक' झालं आणि 'अवेळी'मध्ये एकाची भर पडली.

दुसरा सूर. टक.

काकांनी मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. दर वेळी बरोबर तीन सेकंद. म्हणजे भूतबित काही नाही, प्रोग्रामचंच घड्याळ कुठेतरी अडखळतंय. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी दोन सुरांमधलं अंतर वाढवलं, मग कमी केलं. तरी तीनच सेकंद. त्यांनी आत जाऊन बटणाची वायर उपसली, बटण कोटाच्या खिशात टाकलं आणि खोलीचं जाड दार लावून घेतलं. सूर सोडला.

टक.

मग त्यांनी आवाजाची पट्टी पार शून्यावर आणली. प्रोग्रामच्या लेखी सूर वाजत होता, पण हेडफोनमध्ये काहीच जात नव्हतं. तीन सेकंद गेले. दहा गेले. काही झालं नाही. त्यांनी पट्टी अगदी बारीक, माणसाला जेमतेम ऐकू जाईल इतकी वर केली.

टक.

काकांचा हात पट्टीवरच राहिला. घड्याळ बिघडलं असतं, तर त्याला सूर ऐकू येतो की नाही याच्याशी काय देणंघेणं?

तीन सेकंद उशिरा. असा एकच माणूस त्यांना माहीत होता.

त्यांनी नोंद क्रमांक एक उघडली. नावाच्या जागी त्यांनी तेव्हा नुसतं 'बाबा' लिहिलं होतं. प्रोग्राम नवा होता आणि पहिला रुग्ण म्हणून त्यांनी घरचंच माणूस बसवलं होतं. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. वाचा गेली होती, उजवा हात जड झाला होता. "ऐकू आलं की बटण दाबायचं बाबा, एवढंच," असं त्यांनी दोनदा समजावलं होतं. अहवाल आला, ऐकू आले: शून्य.

"अरे, ऐकू येतं त्यांना. डोळे बघ त्यांचे," ताई म्हणाली होती. काकांनी तिच्यापुढे अहवालाचा कागद ठेवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

त्यानंतर बाबा चार वर्षं जगले. घरात कुणी त्यांच्याशी बोललं नाही. बोललं ते त्यांच्यासमोर, त्यांच्याविषयी. घर कधी विकायचं, ते कुणाकडे राहणार, हे सगळं खाटेच्या पायथ्याशी बसून. काकांचं तर पालुपदच ठरलेलं. आल्यागेल्याने विचारपूस केली, की ते म्हणत, "त्यांच्यात आता काही उरलं नाही." बाबा थोड्या वेळाने तोंड भिंतीकडे वळवत. त्या थोड्या वेळामुळे कुणाला संशय आला नाही.

काकांनी नोंदीचा कोपरा पाहिला. तीस वर्षांत त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता.

सूर: चोवीस. ऐकू आले: शून्य. अवेळी: चोवीस.

एकही सूर बाबांनी सोडला नव्हता. जड हाताने प्रत्येक वेळी बटण दाबलं होतं, आणि पोराच्या शहाणपणाने ते प्रत्येक वेळी कोपऱ्यात ढकललं होतं.

खोलीत बसलेल्या रुग्णाशी बोलायला टेबलावर एक माइक होता. काकांनी त्याची कळ दाबून धरली.

"बाबा," ते म्हणाले. "ऐकू येतंय का?"

एक. दोन. तीन.

टक.

अवेळी: पंचवीस.

काचेपलीकडे खुर्ची रिकामी होती. खिशातलं बटण थंडगार होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायचं खूप होतं आणि त्याची सुरुवात एकाच शब्दाने करायची होती. माफ. त्यांनी तोंड उघडलं.

"काका, कुणाशी बोलताय?"

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. काकांनी दचकून माइकची कळ सोडली. माइकवरचा लाल दिवा विझला.

"छे, कुठे काय. माइक तपासत होतो."

"मग? दुरुस्त होण्यासारखं आहे का? का आजच भंगारात न्यायला सांगू? नोंदी बहुतेक काढून झाल्यात."

उद्या या, म्हणायचं होतं. मला अजून एक तास द्या, म्हणायचं होतं. पण बाई त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे बघत होत्या आणि काकांना लाज वाटली. आयुष्यभर हिशोबी बुद्धीचा म्हणून नावाजलेला माणूस मशीनशी बोलतो, हे कुणाला सांगणार? त्यांनी चष्मा पुसला आणि जिभेवर बसलेलंच वाक्य बाहेर पडलं.

"न्यायला सांगा. त्यात आता काही उरलं नाही."

टक.

या खेपेला तीन सेकंद लागले नाहीत. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

काकांनी वळून पडद्याकडे पाहिलं. 'अवेळी' पंचवीसच होते.

ऐकू आले: एक.