बिडाचं टोपण आणि शेवटची चार पानं

"आला, आला!" माल्टे सफरचंदाच्या झाडावरून ओरडला आणि घाईघाईत फांदी चुकून थेट गवतावर आपटला.

"कोन्राड आला की सफरचंद पडलं?" सिक्स्टनने विचारलं. हा माल्टे आणि त्याची बहीण तुवा यांचा मामेभाऊ. वयाने तेरा, ऐट मात्र तिशीची.

तुवा हातातली तेलकट चिंधी फेकून फाटकाकडे धावली. शुक्रवारची दुपार होती. रविवारी गावात जुन्या ट्रॅक्टरांचा मेळा होता आणि होल्गर आजोबांच्या हिरव्या ट्रॅक्टरला अजून हेडच नव्हतं. हेड म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यावर बसणारं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जाड टोपण. ते आधी दहा मिनिटं ब्लोलॅम्पच्या ज्योतीने तापवून लाल करायचं, मगच हे इंजिन सुरू होतं. आजोबांचं टोपण केव्हाच तडकलं होतं. तीन वर्षं त्यांनी देशभरातल्या ट्रॅक्टरवेड्यांना पत्रं लिहिली, फोन केले, मेळे पालथे घातले. उत्तर एकच, नाही. शेवटी कोन्राड नावाच्या एका ट्रॅक्टरवेड्याचं 'आहे' आलं.

आणि आता तर वेळही संपत आली होती. अलफिल्डआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, सोमवारी कायमची उत्तरेला लेकीकडे राहायला जाणार होती. बाराव्या वर्षी हा ट्रॅक्टर पहिल्यांदा चालवला तो तिनेच. आता ती अठ्ठ्याऐंशीची होती. "जाण्याआधी एकदा त्याचा आवाज ऐकावा म्हणते," एवढंच ती बोलली होती. स्कोने या त्यांच्या दक्षिणेकडच्या प्रांतातली माणसं एखादी गोष्ट दोनदा मागत नाहीत. पण ते ऐकल्यापासून तुवाला दुसरं काही सुचत नव्हतं.

कोन्राडने गाडीतून लाकडी पेटी उतरवली. "अस्सल कारखान्याचं! सत्तर वर्षांत पेटीबाहेर आलेलं नाही."

आजोबांचे डोळे लकाकले. बदल्यात कोन्राडला हवी होती ट्रॅक्टरची मूळची लोखंडी चाकं, पणजोबांनी जपून ठेवलेली. या वेडातला रिवाजच तसा, भागाला भाग. त्या चाकांना आजोबांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता, आणि आज ती कोन्राडच्या गाडीजवळ मांडून ठेवली होती.

"आधी कॉफी," आजोबा म्हणाले. कॉफीआधी व्यवहार करणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता. मोठी माणसं बागेत टेबलाशी बसली आणि पेटीपाशी उरली तीन मुलं.

तुवाने सहज टोपणावर अंगठ्याचं नख दाबलं. नख आत रुतलं.

"सिक्स्टन, सत्तर वर्षांचा रंग इतका मऊ असतो?"

"कसा असेल? गेल्या महिन्यात मी खुर्ची रंगवली, ती याच्यापेक्षा कडक आहे."

"आणि वासही ताज्या रंगाचा येतोय," माल्टे नाक खुपसून म्हणाला.

बीड कसं पारखायचं ते आजोबांनीच त्यांना शिकवलं होतं. टांगायचं आणि ठोकायचं. धड असेल तर गातं, तडकलेलं असेल तर खोकतं. तिघांनी मिळून टोपण दोराने गोठ्याच्या तुळईला लटकवलं आणि तुवाने छोटी हातोडी मारली.

ठक्.

"खोकलं," माल्टे म्हणाला.

"पण आजोबांनी स्वतः का नाही ठोकून पाहिलं?" सिक्स्टन चक्रावला.

"पाहुण्यासमोर? त्याचा माल? आजोबा जीव देतील, पण असलं काही करणार नाहीत."

"मग आपण जाऊन सांगू या."

"सांगितलं तर पाहुण्यासमोर आपल्यालाच दटावतील." तुवाने बागेकडे पाहिलं. टेबलाच्या डोक्यावर सफरचंदाची जाड फांदी आडवी आली होती. "सांगायचं नाही. त्यांना ऐकू द्यायचं."

दोन मिनिटांत हातगाडी खडखडत बागेत आली. "अलफिल्डआजीला कॉफीला बोलवायला घंटा टांगतोय," तुवा साळसूदपणे म्हणाली. मोठ्यांना काही कळायच्या आत टोपण फांदीला लटकलं आणि माल्टेने दणका दिला.

ठक्.

"वाजत नाही वाटतं," सिक्स्टन म्हणाला आणि शेजारी टांगलेल्या नांगराच्या जुन्या फाळावर त्याने तीच हातोडी मारली. टण्ण आवाज सगळ्या बागेत घुमला, आणि अलफिल्डआजी खरोखरच कॉफीला बाहेर आली.

आजोबांनी कप खाली ठेवला. मग ते शांतपणे म्हणाले, "कोन्राड, तुझ्या घंटेला सर्दी झालीये."

कोन्राडने खिशातल्या चाकूने रंग खरवडला. आतून भेगा बुजवायची लांबी निघाली, आणि तिच्याखाली बोटभर चीर. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला.

"शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. ज्याने दिलं त्याच्या तोंडावर ठोकून कसं बघायचं? मीही त्याच्याकडे कॉफी पीत बसलो होतो!"

तो बिचारा माफी मागत आपलं टोपण घेऊन गेला. चाकं वाचली, त्याचा आनंद सगळ्यांना झाला. पण अलफिल्डआजी "जाऊ दे रे होल्गर" म्हणाली आणि बिस्किट न खाताच उठली. तिला पाठमोरी जाताना तुवा बघत राहिली. आपण खोटं पकडलं खरं, पण आजीच्या हाती त्यातून काय आलं?

शनिवारी सकाळी तुवा गोठ्यात आजोबांचं सुट्या भागांचं जुनं पुस्तक चाळत बसली. पान न् पान ग्रीसच्या बोटांनी काळं झालेलं. शेवटची चार पानं मात्र कोरी करकरीत, कोणी कधी उलटलीच नसावीत. तिने ती उलटली आणि जागच्या जागी ताठ झाली.

"आजोबा, ही पानं कसली?"

"ती बोटवाल्यांची. आपल्याला काय करायचीयेत?"

"पण इंजिन हेच आहे. मागे फक्त पाण्यातला पंखा लावलाय. आणि टोपणाचा नंबर तोच आहे."

आजोबांनी चष्मा घातला, काढला, पुसला, पुन्हा घातला. तीन वर्षं अख्खा देश धुंडाळणारा तो माणूस पुस्तकाचं शेवटचं पान बघायला विसरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार?

"काखेत कळसा," अलफिल्डआजी दारातून म्हणाली. "बंदरावरच्या टोर्केलच्या बोटीत असलंच इंजिन आहे."

"मी त्या खाऱ्यांच्या दारात जाणार नाही," आजोबा गुरगुरले. बंदर जेमतेम दोन किलोमीटरवर होतं. पण शेतकरी कोळ्यांना खारे म्हणत, कोळी शेतकऱ्यांना शेणखुरे म्हणत, आणि कामाशिवाय कोणी कोणाकडे फिरकत नसे.

"तुम्ही नका जाऊ," तुवा सायकल काढत म्हणाली. "आम्हाला अजून कोणाशी भांडायला वेळच मिळालेला नाही."

टोर्केल जाळ्यांच्या झोपडीबाहेर बसून वाम मासा सोलत होता. "शेणखुऱ्यांची पोरं? वाट चुकलात की काय?"

तुवाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. झोपडीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक काळी, डांबर फासलेली वस्तू लावून ठेवली होती. गोल, जाड, वर नंबर कोरलेला.

"टोर्केल, ते आम्ही ठोकून पाहिलं तर तुम्हाला राग येईल?"

म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. "मालकाला विचारून ठोकणारे पहिल्यांदाच पाहतोय. ठोका."

सिक्स्टन आणि माल्टेने टोपण दोराने उचलून धरलं. तुवाने हातोडी मारली, आणि बीड गायलं. इतकं लांब, इतकं स्वच्छ की धक्क्यावरचे समुद्रपक्षी उडाले.

"बदल्यात काय हवंय?" तिने धपापत विचारलं.

"तुमच्याकडे नसेल ते. इंधन फवारायची पितळी तोटी. तिच्यापायी माझी बोट सहा वर्षं मुकी उभी आहे. नॉर्वेपर्यंतची बंदरं शोधून झाली."

"शेतकऱ्यांना विचारलंत?"

"त्यांना काय कळतंय बोटीतलं?"

तिन्ही मुलं एकमेकांकडे पाहून हसत सुटली. "आमच्या आजोबांच्या खणात तशा तीन आहेत!" माल्टे म्हणाला.

टोर्केलने सुरी खाली ठेवली. मग तोही हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

संध्याकाळी तो स्वतः टोपण घेऊन आला. दोन्ही म्हातारे क्षणभर फाटकात अवघडून उभे राहिले. शेवटी आजोबा म्हणाले, "कॉफी घेणार?" आणि रात्री जेवायची वेळ टळली तरी दोघं गोठ्यातच होते.

रविवारी अर्धं गाव ट्रॅक्टरभोवती जमलं. ब्लोलॅम्प फरफरला, टोपण हळूहळू लाल झालं. आजोबांनी इंजिनाचं मोठं चाक मागे झुलवलं, मग जोर लावून पुढे. एक ठसका, धुराचं एक वर्तुळ, आणि दुम्म… दुम्म… दुम्म. तुवाच्या पायाखालची जमीन त्या ठेक्यावर हलत होती.

अलफिल्डआजीला कोणी हात द्यायच्या आत ती वर चढून बसली होती. मेळ्याची मिरवणूक माळाकडे वळायची होती. आजीने सरळ बंदराचा रस्ता धरला.

"अगं, इकडे!" आजोबा मागून धावले.

"मला ठाऊक आहे इकडे कुठे आहे ते!"

मग काय, बाकीचे ट्रॅक्टर तिच्यामागे, आणि गाव त्यांच्यामागे. शेणखुरे एवढ्या संख्येने धक्क्यावर पहिल्यांदाच उतरले. टोर्केल वाटच पाहत होता. त्याने बोटीचं इंजिन सुरू केलं, आणि पाण्यातून तोच दुम्म दुम्म ट्रॅक्टरला जबाब देऊ लागला. कोळणींनी भाजलेले मासे पुढे केले.

आजोबांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "वाईट नाही." स्कोनेत याहून मोठं कौतुक कोणी करत नाही. सिक्स्टन लाजून बुटाकडे पाहू लागला. "दारासमोर बसलेलं मला तीन वर्षं दिसलं नाही, ते यांना एका सकाळी दिसलं," आजोबा पुढे म्हणाले.

"मला सहा वर्षं दिसलं नाही," टोर्केल बोटीतून ओरडला. "मी पुढे आहे!"

अलफिल्डआजी अजून उतरली नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती इंजिनाच्या ठेक्यावर हलकेच डोलत होती. गाल ओले होते, पण चेहरा हसरा होता. तुवा पायरीवर चढून तिच्या शेजारी उभी राहिली.

"तुवा, खरं सांगू?" आजी म्हणाली. "उद्या निघायचंय, आणि मी अजून बॅगसुद्धा उघडलेली नाही. जायला पायच उचलत नव्हता."

"आणि आता?"

"आता भरते. पण आधी धक्क्याला अजून एक चक्कर मारू. चल, बस."

तुवा बसली.